ल्युमिनॉल आठ महिने वापरल्यावर : न्यूट्रोफिलवरचा माझा अनुभव

आठ महिने झाले, आठवड्यातून दोन-तीनदा तरी ल्युमिनॉल हे उजेड देणारं रसायन लागतंच. काम असं की माणसाच्या रक्तातून न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या) पेशी वेगळ्या करायच्या, पीएमए (पेशींना उत्तेजित करणारं रसायन) टाकून त्यांना चेतवायचं आणि त्या जे सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड वगैरे ऑक्सिडंट सोडतात ते पकडायचं. आधी आमच्याकडे डीसीएफवाला डाय (ऑक्सिडाइज झाल्यावर प्रकाश मारला की चमकणारा) होता, पण तो नुसत्या उजेडानेपण ऑक्सिडाइज होतो, त्यामुळे काहीच न दिलेल्या पेशीसुद्धा चमकायच्या. ल्युमिनॉलवर बाहेरून प्रकाश मारावाच लागत नाही, ऑक्सिडाइज झालं की ते स्वतःच 425 नॅनोमीटरच्या आसपास निळा उजेड देतं. बॅकग्राउंड एकदम कमी, यासाठी मला ते मनापासून आवडतं.

पाण्यात नीट विरघळत नाही, स्टॉक (दाट मूळ द्रावण) डीएमएसओ या द्रावकात करा, फॉइल गुंडाळून ठेवा. नमुन्यांची खळग्यांची प्लेट पांढरी घ्या, काळ्या प्लेटच्या भिंती उजेड खाऊन टाकतात.

आता खरा मुद्दा. सगळे म्हणतात ल्युमिनॉल म्हणजे आरओएस (ऑक्सिजनचे हे क्रियाशील ऑक्सिडंट) मोजणं, मीही पहिले दोन महिने तेच धरून चालले होते. मग एकदा सोडियम अझाइड टाकून बघितलं, त्याने मायलोपेरॉक्सिडेज हे न्यूट्रोफिलमधलं एन्झाइम बंद पडतं, तर उजेड धाडकन खाली आला, पण सुपरऑक्साइड वेगळं मोजायला सायटोक्रोम सी टाकून 550 नॅनोमीटरला बघितलं तर सुपरऑक्साइड बनणं चालूच होतं! म्हणजे न्यूट्रोफिलमध्ये हा उजेड मुख्यतः त्या एन्झाइमवर अवलंबून असतो, ते कमी तर उजेड कमी, ऑक्सिडंट कितीही असोत. हे कळल्यावर जुने सगळे ग्राफ परत काढून बघावे लागले.

दुसरा धडा हळदीने दिला. त्यातलं कर्क्युमिन पेशींना दिलं की उजेड जवळजवळ नाहीसा व्हायचा, फार आनंद झाला होता. पण पेशीच न घालता नुसतं ल्युमिनॉल, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे एन्झाइम घेतलं तरी तेच!! कर्क्युमिन पिवळं, ते शोषतं 425 च्याच आसपासचा प्रकाश, वरून ते स्वतः अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींवर काय परिणाम झाला हे त्यातून कळतच नाही. आता पेशींना आधी कर्क्युमिन देते, मग धुऊन घेते आणि मगच ल्युमिनॉल टाकते, तर उजेडातली घट बरीच कमी दिसते. शिवाय ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर पेशी किती ऑक्सिजन खातात तेही बघते, तिथे रंगाचा त्रास नाही.

ल्युसिजेनिन हे तसंच उजेड देणारं दुसरं रसायनपण वापरून पाहिलं, पण ते जास्त प्रमाणात टाकलं तर स्वतःच सुपरऑक्साइड तयार करतं, म्हणून सोडलं.

घ्यायचं तर नक्की घ्या, पण एसओडी (सुपरऑक्साइड काढून टाकणारं एन्झाइम), कॅटालेज (हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम), अझाइड आणि बिनपेशींचे वेल (खळगे) प्रत्येक प्लेटमध्ये हवेतच. माझी एक अख्खी ओळ त्यातच जाते, सॅम्पल कमी बसतात, तरी ती ओळ मी आता कुणासाठीही सोडत नाही.