एस्ट्रिऑल क्रीम (इस्ट्रोजेन हार्मोनचं क्रीम, पाळी गेल्यानंतरच्या योनीच्या कोरडेपणासाठी) : चार स्टार

एक स्टार कापला तो अ‍ॅप्लिकेटरसाठी (क्रीम आत सोडायची नळी), दरवेळी धुवायची कटकट आणि रात्री थोडं बाहेर येतंच, पँटीलायनर ठेवा. बाकी काम चोख. पाळी बंद झाल्यावर एवढा कोरडेपणा आला होता की संबंध म्हणजे नुसती आग, मग मी टाळायला लागले आणि ह्यांना वाटलं हिचं मनच उडालं, आठवडेच्या आठवडे दोघंही गप्प. गायनॅक म्हणाल्या इस्ट्रोजेन कमी झालं की तिथली त्वचा पातळ होते, ओलावा जातो, लघवीची इन्फेक्शन्सपण वाढतात. पहिले २-३ आठवडे रोज रात्री लावायचं, मग आठवड्यातून दोनदा, बंद केलं की त्रास परत येऊ शकतो. फरक हळूहळू पडतो, चार दिवसांत बोंब मारू नका.

आणि खरं सांगते, ह्याने इच्छा वाढते वगैरे काही नाही हं. दुखणं गेलं म्हणून भीती गेली, आणि भीती गेली म्हणून जवळ जावंसं वाटायला लागलं, एवढंच. अपुरी झोप, टेन्शन, शेजारच्या खोलीत सासूबाई, ह्यावर क्रीम काय करणार! ऐनवेळी ल्युब्रिकंट (संबंधाच्या वेळी लावायचं वंगण) म्हणूनपण वापरू नका, ते वेगळं मिळतं. ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेला असेल किंवा पाळी गेल्यावर परत ब्लीडिंग झालं असेल तर आधी डॉक्टर, मेडिकलवाल्याला विचारून परस्पर आणू नका. आमच्या मेडिकलवाल्याने तर ट्यूब काळ्या पिशवीत गुंडाळून दिली, जसं काही मी दारूच नेतेय.