गूगल की वुल्फ्रॅम अल्फा? बारावीचं गणित तपासायला काय उघडायचं

भाची बारावी सायन्सला आहे, परवा म्हणाली मावशी उत्तरं ताडून बघायला गूगल पुरतं ना, मग वुल्फ्रॅम अल्फा कशाला? वुल्फ्रॅम अल्फा म्हणजे टाकलेलं गणित सोडवून देणारी वेबसाइट. म्हणून आम्ही दोघी दोन्ही शेजारी शेजारी उघडून बसलो.

आधी शंभरचं फॅक्टोरियल, म्हणजे १ ते १०० सगळ्या आकड्यांचा गुणाकार, टाकलं. गूगलच्या कॅल्क्युलेटरने ९.३३ गुणिले दहाचा १५७ वा घात अशा धर्तीचं उत्तर दिलं, अल्फाने अख्खे १५८ आकडे समोर मांडले आणि शेवटी २४ शून्यं आहेत हेही सांगितलं. इंटिग्रेशनला तर तुलनाच नको, एक्स वर्ग साइन एक्स टाकलं की अल्फा उत्तर आणि ग्राफ दोन्ही देतं. स्टीफन वुल्फ्रॅम यांचं मॅथेमॅटिका हे गणिताचं सॉफ्टवेअर १९८८ पासून आहे आणि २००९ मध्ये आलेलं अल्फा त्याच्याच जोरावर चालतं, त्यामुळे ते पानं शोधत बसत नाही, स्वतः गणित करतं.

पण खरी गंमत लॉगची, आणि इथे नीट लक्ष द्या. लॉग १०० टाकलं तर गूगल म्हणतं २, अल्फा म्हणतं ४.६०५! भाची घाबरलीच, चुकलं कोण? कोणीच नाही. गूगलने बेस १० धरला, अल्फाने नॅचरल लॉग, म्हणजे बेस e (साधारण २.७१८). फरक इतकाच की अल्फा उत्तराबरोबर आपण काय धरलंय ते लिहितं आणि बेस १० हवा असेल तर बदलायची सोयही तिथेच देतं. मला तरी हे फार मोलाचं वाटतं, कारण परीक्षेत पोरांचे मार्क जातात ते आकडेमोडीपेक्षा प्रश्न भलताच समजल्यामुळे.

माहितीच्या प्रश्नांचं म्हणाल तर १ मे १९६० ला वार कोणता (रविवार), दोन तारखांमध्ये दिवस किती, असलं सगळं अल्फाला झकास जमतं. पण संयुक्त महाराष्ट्राची चळवळ का झाली हे वाचायचं असेल तर सरळ गूगल करा, अल्फाचं ते कामच नाही. मराठीतही विचारू नका, इंग्रजीत आणि थोडक्यात टाका, लांबलचक शब्दगणित तसंच्या तसं टाकलं तर ते गडबडतं.

पैशांचं बघायचं तर उत्तर फुकट आहे पण पूर्ण पायऱ्या हव्या असतील तर प्रो घ्यावं लागतं. मी भाचीला घेऊन दिलेलं नाही, पायऱ्या तिच्या वहीत असतातच, तिला फक्त शेवटची ओळ जुळते का ते बघायचं असतं.