१९९१ ची मियाटा घरच्या गॅरेजमध्ये खोलून परत जोडली: दोन उन्हाळे चालवल्यानंतरचा अनुभव

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा. जुनी स्पोर्ट्स कार घरी करायची असेल तर पैसा रबरात घाला, हॉर्सपॉवरमध्ये नको. खाली जे काही लिहिलंय ते सगळं फिरून फिरून इथेच येतं.

गाडी कुठली ते आधी. माझदा मियाटा, पहिली जनरेशन, जिला सगळे एनए म्हणतात, तीच ती डोळे, म्हणजे हेडलाइट, उघडझाप करणारी. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांसमोर आली, माझी १९९१ ची आहे, १.६ लिटर, पाच गिअर, ११६ हॉर्सपॉवर, लाल रंग, वजन जेमतेम टनभर. आम्ही राहतो डेट्रॉइटच्या उपनगरात, इथे हिवाळ्यात रस्त्यावर पोत्यांनी मीठ पडतं, त्यामुळे मिशिगनमध्ये वाढलेली मियाटा मी बघायलाही गेलो नाही, सरळ टेनेसीतून उचलून आणली. या गाडीत गंज कुठे लागतो ते ठरलेलं आहे, मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पट्टीत. सीटच्या मागे छताचं पाणी खाली जायला दोन बारीक नळ्या असतात, त्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या की पाणी आतच साठतं आणि पत्रा आतून खात जातो, बाहेरून रंग मात्र चकाचक. घ्यायच्या आधी गुडघ्यावर बसून तिथे अंगठ्याने दाबून बघा. विकणारा हसला तर हसू द्या. इंजिनचं काम घरी होतं, कुजलेल्या पत्र्याचं वेल्डिंग माझ्यासारख्याला घरी होत नाही आणि बाहेर करायला दिलं तर गाडीच्या किमतीएवढं बिल येतं.

आणखी एक, १९९० च्या आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, टोक आखूड असायचं, शॉर्ट नोज म्हणतात, त्यात पुढचा बोल्ट सैल पडला की पुलीला जागेवर धरणाऱ्या लोखंडी चावीची खाच खराब होते आणि मग इंजिनच गेलं म्हणायचं. पुढच्या पुलीत चार खाचा दिसल्या तर शॉर्ट नोज, आठ दिसल्या तर निवांत. माझ्यात आठ. खालून टॉर्च मारून बघता येतं, मिनिटाचं काम आहे, तरी लोक बघत नाहीत.

जागेचं म्हणाल तर दोन गाड्यांचं गॅरेज, त्यातली अर्धी बाजू मियाटाने नोव्हेंबरात घेतली ती एप्रिलपर्यंत सोडली नाही. मिनिव्हॅन बाहेर बर्फात. बायकोने पहिल्या बर्फाला काही म्हटलं नाही, दुसऱ्या बर्फाला फावडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुझी गाडी आत झोपलीये ना, मग माझी तू उकर." रास्तच होतं. गॅरेजमध्ये थंडी इतकी की पाना हाताला चिकटतो, म्हणून हीटर लागतोच, पण गॅसचा ठेवणार असाल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावल्याशिवाय पेटवू नका, मी विजेचा घेतला. अवजारांत चांगला फ्लोअर जॅक, चार जॅक स्टँड, टॉर्क रेंच आणि छोटा हायड्रॉलिक प्रेस एवढं विकत घेतलं, बाकी एकदाच लागणाऱ्या वस्तू ऑटोझोनमधून डिपॉझिट भरून आणल्या, काम झालं की परत केल्या, डिपॉझिट पूर्ण परत मिळतं. ही सोय आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना माहीतच नसते. जॅकवर उचललेल्या गाडीखाली स्टँड न लावता जाऊ नका, हे मी प्रत्येक वेळी सांगतो आणि प्रत्येक वेळी कुणीतरी म्हणतं की दोन मिनिटांचं तर काम आहे.

आता रबर. तेहतीस-चौतीस वर्षांच्या गाडीत बोल्ट टिकतो, गिअर टिकतो, इंजिनचा ब्लॉक टिकतो, पण जिथे जिथे रबर आहे तिथे तिथे गाडी म्हातारी झालेली असते, आणि चालवताना जे "काहीतरी ढिलं वाटतंय" असं वाटतं ते नव्वद टक्के वेळा हेच. सस्पेन्शनचे बुश (जोडांमधल्या रबरी नळ्या), ब्रेकचे होस, कूलंटचे पाइप, कॅमचे (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचे) सील, क्लचच्या खालच्या सिलिंडरचं सील, दाराचे रबर, गिअर लिव्हरखालचा बूट.

शेवटचं जे म्हटलं त्याचंच आधी सांगतो कारण सगळ्यात जास्त पैसा वसूल तिथे झाला. गिअर लिव्हरच्या बुडाशी एक छोटी कुंडी असते, तिच्यात तेल असतं आणि वर दोन रबरी बूट. बूट फाटला की खालच्या गिअरबॉक्सच्या बोगद्यातली गरम हवा आणि आवाज थेट केबिनमध्ये, उन्हाळ्यात गिअरची दांडी हात भाजेल इतकी तापते. माझ्या गाडीत खालचा बूट नावालाच उरला होता आणि तेलाच्या जागी काळा चिखल. कापडाने सगळा उपसला, नवं तेल, नवे बूट, खाली प्लॅस्टिकचं छोटं बुशिंग, सगळं मिळून पन्नास डॉलरच्या आत, एक दुपार. त्यानंतर गिअर असे पडायला लागले की सिग्नलला उभा असताना मी उगाच दुसऱ्या-तिसऱ्यात दांडी फिरवत बसतो. या गाडीत गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरांचा डबा) ॲल्युमिनियमची एक लांब फ्रेम आहे, दोघांना एकत्र धरून ठेवते, म्हणून दांडीचा हा खट्-खट् फील आहे, तो दाबून टाकला होता त्या चार आण्याच्या रबराने.

सस्पेन्शनचे बुश हे मात्र खरं कष्टाचं काम. चारही चाकांना डबल विशबोन आहे, प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेलं, म्हणजे आर्म भरपूर आणि बुश त्याहून भरपूर. खालचे जे लांब बोल्ट अलाइनमेंटसाठी (चाकांचे कोन जुळवायला) फिरतात ते आतल्या लोखंडी नळीला गंजून चिकटलेले असतात, टेनेसीच्या गाडीतसुद्धा. तेल मारलं, गरम केलं, शिव्या घातल्या, शेवटी दोन कापूनच काढावे लागले. जुने बुश प्रेसने काढून नवे बसवले, मी पॉलीयुरेथेन घेतले नाहीत, कंपनीसारखे रबरच घेतले. पॉलीयुरेथेन ट्रॅकवर ठीक आहे, रोजच्या गाडीत ग्रीस सुकलं की जुन्या दारासारखं कुरकुरतं, ओळखीच्या एकाची गाडी स्पीड ब्रेकरवर आधी आवाजाने येते मग स्वतः येते. आणि एक गोष्ट जी व्हिडिओवाले पटकन उरकतात: रबरी बुशचे बोल्ट चाकं हवेत असताना पूर्ण आवळायचे नाहीत. नुसते लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, वजन बसलं की मग आवळायचे. नाहीतर गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि वर्षभरात फाटतं. दोन उन्हाळ्यांनंतर परवा खाली जाऊन बघितले, एकाही बुशला भेग नाही.

अलाइनमेंटला पहिल्या दुकानाने गाडी तासभर ठेवून घेतली आणि "बोल्ट हलत नाहीत" म्हणून पैसे घेऊन परत दिली. अहो, नवेकोरे बोल्ट आहेत, मी स्वतः ग्रीस लावून बसवलेत. दुसरीकडे नेली, तिथल्या पोराने वीस मिनिटांत केली.

टायरचं पण तसंच. विकणाऱ्याने कौतुकाने सांगितलं होतं की टायर भरलेले आहेत. नक्षी भरलेली होतीच, पण टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन साल, तिथे शेवटी ०९ होतं. म्हणजे २००९ चं रबर, नख रुततच नव्हतं. मूळ चाकं १४ इंची आहेत, मी १५ इंची हलकी चाकं आणि १९५/५० चे उन्हाळी टायर घातले, वळणावर गाडी बदलली म्हणजे बदललीच. पण हे टायर थंडीत दगड होतात, ऑक्टोबरच्या सकाळी सांभाळून. ज्यांना जुनाच लूक हवाय त्यांच्यासाठी, माझदाने जपानमध्ये २०१७ साली एनए दुरुस्तीची स्कीम जाहीर केली तेव्हा ब्रिजस्टोनकडून १९८९ च्या मापाचे १४ इंची टायर परत बनवून घेतले होते, सोबत छताचं कापड आणि लाकडी स्टिअरिंगसुद्धा. तीस वर्षांपूर्वीच्या स्वस्त गाडीसाठी एवढं कोण करतं सांगा.

इंजिनला मी फारसा हात लावला नाही, टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सील, प्लग आणि वायरी. बेल्ट दर ६०,००० मैलांना बदलायचा असतो, आणि हे इंजिन असं आहे की बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी नुसती बंद पडते, त्यामुळे घरी पहिल्यांदा करणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. दोन्ही कॅमच्या चाकांवर आय आणि ई अशी अक्षरं आहेत, त्या दोन खुणांमध्ये बेल्टचे १९ दात यायला हवेत. मी खडूने खूण करून मोजले, मुलीला मोजायला लावले, मग शेजारच्या काकांना बोलावलं. हे काका ऑटो प्लांटमधून रिटायर झालेले, एक शब्द न बोलता बोटाने एकेक दात मोजत गेले, मान हलवली आणि माझा खडू खिशात घालून घरी गेले. इंजिनच्या मागच्या बाजूने तेल गळत असेल तर हेड उघडायच्या गोष्टी करू नका, आधी कॅम अँगल सेन्सरची ओ रिंग बघा, दोन-चार डॉलरचं रबर, परत तेच.

टर्बो का नाही, हे मला प्रत्येक जण विचारतो. किटला काही हजार डॉलर, मग क्लच, मग रेडिएटर, मग १.६ च्या गाडीतलं मागचं डिफरन्शियल मुळातच लहान आहे ते बदला, मग ट्यूनिंग, आणि एवढं करून गाडी हायवेवर फास्ट होणार. हायवेवर फास्ट जायला आमची ओडिसी मिनिव्हॅन आहे, २८० हॉर्सपॉवर, सिग्नलवरून ती मियाटाला आरामात मागे टाकते, मागे दोन बूस्टर सीट आणि सांडलेले चिवड्याचे दाणे घेऊन. मियाटाची मजा आहे ती ताशी चाळीस मैलांवर, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून, वळणावर, पोलिसांना काही हरकत नसताना.

नाराजी दोनच. एक म्हणजे छत. जुनं व्हिनाइलचं, मागे प्लॅस्टिकची खिडकी, ती पिवळी पडून आरपार दिसणं बंद झालं होतं, म्हणून काचेच्या खिडकीचं कापडी छत ऑनलाइन मागवलं. बसवायला सगळ्यात किचकट काम हेच, रिव्हेट, पट्ट्या, ताण, दोन माणसं लागतातच. पहिला उन्हाळा सुंदर गेला, दुसऱ्या पावसाळ्यात, म्हणजे इथल्या एप्रिल-मेमध्ये, खिडकीच्या कोपऱ्यात चिकटवलेला भाग सुटायला लागला. विकणारा म्हणतो वॉरंटी फक्त प्रोफेशनलने बसवलं तरच. तर छत स्वस्तात शोधू नका, आणि शोधलंच तर वॉरंटीचा कागद आधी वाचा. दुसरी नाराजी दाराच्या रबराची, अस्सल घेतलं तर खिशाला चटका, नकली घेतलं तर दार धाडकन आपटल्याशिवाय लागत नाही. मी अस्सल घेतलं, रडत रडत.

बॅटरी या गाडीत डिकीत असते. साधी बॅटरी ठेवली तर तिच्या वाफेने डिकीचा पत्रा खातो, सीलबंद एजीएम टाइपच घ्या आणि वाफेची नळी जोडा. हिवाळ्यात चार्जर लावून ठेवतो, टाकी भरून पेट्रोलमध्ये स्टॅबिलायझर, टायरमध्ये थोडी जास्त हवा, बस.

कागदपत्रांचं: मिशिगनमध्ये गाडीची दरवर्षी तपासणी नसते, त्यामुळे इथे हे उद्योग सोपे. जुन्या गाडीची हिस्टॉरिक नंबर प्लेट स्वस्त पडते पण तिच्यावर शो, परेड वगैरे आणि ऑगस्ट महिना एवढंच चालवता येतं, म्हणून मी साधीच प्लेट ठेवली. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, १९९५ पासून चालू आहे, तिथे मोठमोठ्या व्ही-८ मस्कल कारच्या रांगेत आमची चिमणी उभी केली तर मस्टँगवाले आजोबा येऊन म्हणाले, हेडलाइट उघडून दाखव.

पुण्याचे मित्र विचारतात तिकडे असं करता येईल का. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल बघा, कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारे बदल चालत नाहीत. पण मूळ होती तशी करायला कोण अडवतंय? गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आठवते का, फायबरची दोन सीटर, रेनोचं १.२ चं इंजिन? एखादी कुठे शेडमध्ये धूळ खात पडली असेल तर बुश, होस, सील यांच्यापासून सुरुवात करा.

बाबा सांगलीहून आले होते तेव्हा त्यांना फिरवून आणलं. बसले सहज, उतरताना दोघांनी हात धरावा लागला. "एवढी खाली कशाला केलीस?" म्हणाले. फारशी केली नाही बाबा, मुळातच खाली आहे. सस्पेन्शनची उंची मी मुळापेक्षा अर्धा-पाऊण इंचच कमी ठेवलीय, इथल्या मार्च महिन्यातल्या खड्ड्यांत त्याहून खाली गेलात तर बंपर रस्त्यावर सापडतो.

या हिवाळ्यात डिफरन्शियलचे दोन्ही बाजूंचे सील आणि हेडलाइट मोटरच्या कड्या करायच्या आहेत, डावा डोळा हल्ली उजव्याच्या अर्धा सेकंद मागून उघडतो. मुलीला तो तसाच हवाय, त्यामुळे त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे.