गुन्हे-तपास रसायन किट: शाई उत्तम, रक्तचाचणी कच्ची

नाशिकला मेन रोडवर मिळणारं हे किट शाळेसाठी घ्यावं, पण रक्तचाचणीची बाटली बदलून.

शाईचा प्रयोग सुरेख जमतो. फिल्टर पेपरच्या पट्टीवर तळापासून 2 सेंमीवर पेन्सिलने रेघ, त्यावर स्केचपेनचा ठिपका, पाणी 1 सेंमीच. भांड्यातलं पाणी थेट ठिपक्याला टेकलं, तर शाई पट्टीवर न चढता भांड्यातच उतरते. काळ्यातून निळा, गुलाबी सुटताना मुलं अक्षरशः खिळून राहतात! बॉलपेनला मात्र अल्कोहोल लागतं.

रक्तचाचणीला, म्हणजे डाग रक्ताचा आहे का ते पाहायला, साधं फिनॉल्फ्थॅलीन (अल्कली ओळखणारं रसायन) दिलंय. ते अल्कलीत रक्ताशिवायच लगेच गुलाबी होतं. झिंक पावडरीने क्षपण केलेलं (ऑक्सिडीकरणाच्या उलट क्रिया) त्याचं रंगहीन द्रावणच हवं. 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड टाकण्याआधी गुलाबी आलं, तर निकाल बाद. बटाट्याचा रसही गुलाबी देऊ शकतो. तो मुद्दाम दाखवा, म्हणजे ही चाचणी फक्त शक्यता सांगते हे पटतं.

बोटांचे ठसे उमटवायचे आयोडीनचे खडे झाकूनच ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते.