रॉयल अल्बर्ट डॉक, लिव्हरपूल: पाणी ठेवलं, हे बरं केलं

चौतीस वर्षं मुंबईच्या इंदिरा गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे उतरणाऱ्या-चढणाऱ्या मालाची मोजणी करणारा कारकून, म्हणून काढली. त्यामुळे पैसे खर्चून कुणाची तरी गोदी बघायला जायचं, हे ऐकूनच मला हसू आलं होतं. मुलगा मँचेस्टरला असतो. जून २०२३ मध्ये आम्ही तिकडे होतो तेव्हा म्हणाला, "बाबा, तासाभराचा तर प्रवास आहे, चला." लाइम स्ट्रीट स्टेशनातून उतरून वीसेक मिनिटं चाललो. मर्सी नदीवरून वारा असा की हिने भर जूनमध्ये कानटोपी बाहेर काढली.

आत शिरलं की आधी दिसतात ते खांब. बिडाचे, गेरूच्या जवळपास जाणाऱ्या तांबड्या रंगाचे. मी एकाला कवेत घेऊन पाहिलं, अर्धाही झाला नाही. दुसऱ्या बाजूने ही आली, तरी हात पोचेनात. मुलगा हो-नाही करत आला तेव्हा कुठे कडं पूर्ण झालं. शेजारून जाणारी एक गोरी आजीबाई आमच्याकडे बघून खूप हसली. या खांबांच्या रांगेत मध्येच रुंद कमानी सोडल्या आहेत. लोक तिथे फोटो काढतात, पण त्या शोभेच्या नाहीत. क्रेनची दांडी वळायला जागा हवी म्हणून त्या ठेवल्या. वखार अगदी पाण्याच्या कडेला, माल जहाजातून थेट आत. मध्ये शेड नाही, दोनदा उचलठेव नाही आणि चोरीलाही वाव कमी. ज्याने हे योजलं त्या जेसी हार्टलीला गोदीचं काम कळत होतं, हे मी छातीठोक सांगतो.

त्याहून मोठी करामत म्हणजे इमारतीच्या सांगाड्यात लाकूडच नाही. वीट, दगड, बीड, वर छपरालासुद्धा लोखंडी पत्रे. वखारींना आगी लागायच्या म्हणून १८४६ साली त्यांनी हे केलं. हे वाचताना मला वडील आठवले. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज उडालं तेव्हा ते मांडवीत राहायचे, दहा-बारा वर्षांचे असतील. त्या जहाजात दारूगोळा होता आणि कापसाच्या गाठीही. जळता कापूस आभाळातून पडत होता, एवढं एकच ते सांगायचे आणि मग गप्प व्हायचे. आणि गंमत बघा, अमेरिकेतल्या यादवीच्या काळात मुंबईचा कापूस भरभरून यायचा तो याच लिव्हरपूल बंदरात.

गोदी बांधली शिडाच्या जहाजांसाठी. आगबोटी मोठ्या झाल्या, तिचं तोंड अरुंद पडलं, धंदा आटला. १९७२ ला कुलूप. नदीचा गाळ आत येऊन साचला. पाडून टाकायच्याही योजना होत्या म्हणे. १९८१ मध्ये सरकारने मर्सीसाइड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन काढलं. त्यांनी आधी गाळ उपसला, दरवाजे दुरुस्त केले, पाणी परत आणलं आणि मग इमारतींना हात घातला. मला या सगळ्यात हेच सर्वांत आवडलं. आपल्याकडे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या कंटेनर ठेवायला भरून टाकल्या. कामाची गरज होती, कबूल. पण गोदीत पाणी नाही म्हणजे ते मैदान झालं.

आत आता संग्रहालयं, हॉटेलं, दुकानं. मेरिटाइम म्युझियम, म्हणजे जहाजांचं संग्रहालय, फुकट होतं आणि त्याच इमारतीत वर गुलामगिरीचं म्युझियम होतं. ते उघडं असेल तर टाळू नका. शहराच्या पैशाचं मूळ तिथे समजतं. खाली बाहेर ज्या सुक्या गोद्या दिसतात, त्यांत गुलाम वाहणारी जहाजं दुरुस्त व्हायची. टेट ही चित्रांची गॅलरी आम्ही गेलो तेव्हा उघडी होती. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये मोठ्या नूतनीकरणासाठी ती बंद झाली. मेरिटाइम आणि गुलामगिरीचं म्युझियमही जानेवारी २०२५ मध्ये अशाच कामासाठी बंद झालं, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. दुकानांबद्दल काय बोलायचं? बीटल्सचे मग आणि फ्रिजवर लावायचे चुंबक. एका कॅफेत कागदी कपातला पाणचट चहा साडेतीन पौंडांना घेतला. हिने तो तसाच टेबलावर सोडला.

नव्या इमारतींवर मात्र मी नाराज आहे. म्युझियम ऑफ लिव्हरपूल (२०११) ठीक, त्याच्या मोठ्या खिडकीतून शहर छान दिसतं. पण शेजारी मॅन आयलंडवर काळ्या, तिरक्या कापलेल्या पेट्या उभ्या केल्यात. गोदीकडून बघितलं तर त्या नदीकाठच्या पियर हेड भागातल्या जुन्या देखण्या इमारतींच्या आड येतात. तिथल्या फेरी टर्मिनलला तर २००९ मध्ये कार्बंकल कप मिळाला, म्हणजे ब्रिटनमधल्या कुरूप नव्या इमारतीला देतात ते बक्षीस! २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलचं नाव जागतिक वारशाच्या यादीतून काढलं. कारण उत्तरेकडच्या गोद्यांवरचा मोठा प्रकल्प आणि फुटबॉलचं स्टेडियम. मुलगा म्हणतो, त्या बाजूला रोजगार हवाच होता. त्याचंही खरं असेल.

पाचपैकी चार गुण. एक गेला चहाला आणि काळ्या पेट्यांना.

संध्याकाळी दिवे पाण्यात उतरले तेव्हा सवयीने मी धक्क्यावरचे बोलार्ड, म्हणजे जहाजं बांधायचे खुंट, मोजायला लागलो. दोन बाजू झाल्या. "अहो, गाडी चुकेल," ही म्हणाली. तिसरी बाजू राहिली.