वारंवार क्रॅश होणारा डेस्कटॉप : विंडोजची रॅम चाचणी की मेमटेस्ट८६?

निळा पडदा दर वेळी वेगळाच एरर दाखवत असेल, तर आधी रॅम तपासा.

विंडोजची चाचणी आयती मिळते. स्टार्टमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ शोधा, रीस्टार्ट करा, एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ निवडा आणि एफ१० दाबा. निकालाची सूचना कधीकधी दिसतच नाही. मग इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या टूलमधल्या ‘सिस्टम’ लॉगमध्ये ‘मेमरीडायग्नोस्टिक्स-रिझल्ट्स’ शोधावं लागतं. हिने दोष दाखवला तर तो खरा माना. पण ‘एरर नाही’ म्हणाली, तर तेवढ्यावर विसंबू नका.

मेमटेस्ट८६ ही पेनड्राइव्हवरून चालणारी वेगळी रॅम चाचणी. तिला रिकामा पेनड्राइव्ह लागतो, कारण त्यातलं सगळं पुसलं जातं. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. १६ जीबीला कित्येक तास जातात, म्हणून रात्री लावून ठेवा. मेमरीतल्या कोणत्या पत्त्यावर काय अपेक्षित होतं आणि प्रत्यक्षात काय वाचलं गेलं, हे ती लाल अक्षरांत दाखवते. एक एररसुद्धा खपवून घेऊ नका.

मात्र लगेच नवी रॅम आणू नका. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारा सेटिंग मेनू) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग, बंद करून पुन्हा चाचणी घ्या. एरर गेले, तर रॅमला तो वेग झेपत नाही, एवढंच. राहिले, तर रॅमची एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून पाहा. प्रत्येक स्टिक तिथेच नापास होत असेल, तर संशय मदरबोर्ड किंवा प्रोसेसरवर.

आमची पसंती मेमटेस्ट८६लाच. तीही स्वच्छ निघाली आणि गेम खेळताना निळा पडदा न येता मशीन थेट बंद पडत असेल, तर एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) बदलून पाहा.