बिडाचे भांडे की नॉनस्टिक?
बिडाचे भांडे सावकाश आणि काहीसे असमान तापते. मात्र एकदा तापले की त्याच्या जाड, जड अंगात साठलेली उष्णता गार पदार्थ टाकल्यावरही फारशी उतरत नाही, म्हणून खरपूस भाजण्यासाठी मी तेच निवडेन. त्यावर तेल तापून बसलेला कडक थर पदार्थ चिकटू देत नाही आणि निघाला तरी पुन्हा चढवता येतो. याउलट नॉनस्टिकचा टेफ्लॉनचा लेप सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो, आणि सोलवटलेला लेप घरी दुरुस्त होत नाही. टोमॅटोसारखे आंबट पदार्थ दीर्घकाळ शिजवायचे असल्यास मात्र बीड टाळावे, कारण आम्लाने तो थर निघतो आणि पदार्थाला लोखंडाची चव येते.